एकच मर्यादा

तेजस्विनी ज्या लॅबमध्ये द्राक्षांतला फवारलेल्या औषधाचा अंश तपासायची, तिथे नमुन्यावर शेतकऱ्याचं नाव नसायचं, नुसता नंबर असायचा. त्यामुळे निर्यातीसाठी तिने नापास केलेली द्राक्षं सासऱ्यांच्याच बागेतली होती, हे तिला घरी आल्यावर कळलं. लग्न होऊन ती या घरात नुकतीच आली होती.

"सून आणली का वैरीण?" सासरे खंडेराव सगळ्यांदेखत कडाडले. "बुरशीचं औषध जरासं जास्त निघालं, तर लगेच इख झालं काय त्याचं?" त्या दिवसापासून तिने वाढलेलं ताटही ते घेईनात.

मग ज्या देशात ही द्राक्षं जायची, त्याच्याशी नवा व्यापार करार झाला. औषधाच्या अंशाची त्यांची मर्यादा कडक होती, आपली सैल. दोघांनी मिळून एकच ठरवली, ती आपली. बाग तीच, औषध तेच, पण या वेळी नमुना पास झाला.

खंडेरावांनी निर्यातीच्या मालातली पाटीभर द्राक्षं आणून ओट्यावर आदळली. "आता दोन देशांचा कायदा म्हणतोय, माल चोख हाय. तुझं मशीन काय म्हणतं?"

तेजस्विनीने पाटीतला एक घड धुतला आणि बशीत घालून त्यांच्यापुढे धरला. "घ्या ना, नाना."

खंडेरावांनी बशी झटकन दूर सारली.

 

"येडी का काय तू? घरी खायच्या वेली परसात हायेत. त्यांना आपण औषध मारत नाय."