इंजिनचं सामान
आमच्या जीपची बॉडी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं. म्हणून खंडेनवमीला शिवानंद बॉडीसाठी नारळ फोडायचा, मी इंजिनसाठी. जीप आम्हा दोघांच्या भागीतली. आमच्या गुंद गावाहून आजारी माणसाला जोयड्याच्या दवाखान्यात न्यायला दुसरी गाडी नाही. यंदा पेपरात आलं, तीस वर्षांनी त्या कंपन्यांची भागी मोडली. "आता इंजिनचं सामान कुठनं मिळायचं?" म्हणत शिवानंद बेळगावला गेला. जीपला गिऱ्हाईक बघायला गेला, असंच मी धरलं. खंडेनवमीला जीप धुऊन एकटाच बसलो. बायको म्हणाली, "कंपन्या फुटल्या, तुमी बी फुटा!" इतक्यात शिवानंद जड पोतं ओढत आला. त्यात इंजिनची नोझलं, बेअरिंगं होती. "जुन्या बाजारात हुतं तेवढं उचललं. धा वर्सं पुरंल." मी म्हणालो, "मला वाटलं, तू जीप विकणार." "खुळा हाईस काय? त्या कंपन्यांकडं दोन कारखाने हायत. आपल्याकडं जीप एकच हाय."