हात सोडायचा नाही

ताईंनी बालगटाला शेवटचा खेळ दिला. आठही मुलांनी डोळे मिटून हाताला लागेल तो हात धरायचा आणि झालेला गुंता सगळ्यांनी मिळून सोडवायचा. "गुंता सुटेपर्यंत कोणीही हात सोडायचा नाही. मदतीला कोणी आलं तर त्यालाही आपल्यात घ्यायचं. याला म्हणतात एकी," असं बजावून त्या चटया ठेवायला आतल्या खोलीत गेल्या.

परत येऊन बघतात तर हॉल रिकामा. इतक्या लवकर गुंता सुटला म्हणून ताई स्वतःवरच खूश झाल्या. तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या इमारतीतल्या गोट्याची आई बोलत होती.

"ताई, आमचा गोट्या जेवायला आलाय, तो सातजणांना घेऊन. सगळे दारात अडकलेत."

"अहो, मग हात सोडा म्हणावं त्यांना."

"तेच सांगायला गेले, तर माझेही दोन्ही हात धरून ठेवलेत."

"मग फोन कसा केलात?"

"शेजारच्या काकांनी लावून दिला. तेच माझ्या कानाशी धरून उभे आहेत."

मागून गोट्याचा समजुतीचा आवाज आला, "काका, तुमचा दुसरा हात रिकामाच आहे ना?"