भाव चढेपर्यंत

यशश्री विद्यापीठात मालमत्ता गुंतवणूक शिकत होती. "जागांचे व्यवहार काय वर्गात बसून शिकतात होय गं?" असं हसणाऱ्या यज्ञेश्वरकाकांनी, तिचे बाबा अंथरुणाला खिळलेले असताना, गोड बोलून त्यांची सही घेतली आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला त्यांचा गाळा स्वतःच्या नावावर करून घेतला.

बाबांच्या दहाव्याला सगळी भावकी गोदाकाठी जमली. पिंडाला कावळा काही शिवेना. लोक काकांकडे बघून कुजबुजू लागले.

"दादा, पोरीची फी मी भरतो," काकांनी हात जोडले. कावळे कठड्यावरून हलले नाहीत.

"तिचं लग्न थाटात लावून देतो!"

"बाबांचा जीव दुसऱ्याच कशात तरी अडकलाय, काका," यशश्री हळूच म्हणाली.

काकांना घाम फुटला. "गाळा तिला परत देतो, दादा! सगळ्यांसमोर शब्द देतो!"

समोरचा भाव चढवत असेल तर आपण घाई न करता थांबायचं, हे तिला वर्गात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.



तिने ओढणीआड मिटलेली मूठ उघडून पिंडावर शेव ठेवली, आणि रोजच्या भाताला विटलेले घाटावरचे कावळे झडप घालून आले.