उस्तादांची टाच

"बूट चावत नाही," उस्तादांनी निकाल दिला.

समोर बाई एका पायावर उभ्या होत्या, दुसरा पाय हातात धरून. शाळेच्या मुख्याध्यापिका त्या. पोरं त्यांना चळाचळा कापत. पण उस्तादांपुढे त्यांचंही काही चालत नसे. शिवलेल्या प्रत्येक बुटात उस्ताद स्वतःची टाच दाबून पाहत आणि मगच तो गिऱ्हाइकाला देत. अशा माणसाशी काय वाद घालणार? शिवाय हुकमाचा एक्का होताच. "आमच्या हिला विचारा. सात वर्षं माझेच बूट घालतेय. एकदा कुरकुर नाही!"

ही म्हणजे काकू; त्या कोपऱ्यात पॉलिश करता करता गोड हसायच्या. गिऱ्हाईक आपल्याच पायांना शिव्या घालत घरी जाई. पोस्टमन लंगडा, बँकेचा रखवालदार लंगडा; अख्खी गल्ली एका तालात लंगडायची.

त्या दिवशी मात्र बोलण्याच्या नादात उस्तादांचा हातोडा अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं झालं. उस्ताद बोलतच राहिले. बाईंनी ते पाहिलं आणि एका बुटानिशी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी ब्लड प्रेशर मोजलं. मग पुन्हा मोजलं. "काका, दोनशेच्या वर आहे! उतारवयात काहींचं असं होतं. प्रेशर चढतं आणि दुखणं जाणवेनासं होतं. माणसाला वाटतं, आपण ठणठणीत. आणि एक दिवस जागच्या जागी आडवा होतो."

उस्तादांनी घाबरून नेमानं गोळ्या घेतल्या. महिन्याभरानं रखवालदाराच्या नव्या बुटात टाच दाबली आणि "आई गं!" अशी बोंब ठोकली की गल्ली लंगडत धावत आली. बुटाच्या तळातून तीन खिळ्यांची टोकं वर डोकावत होती.

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी हात जोडले, एकेकाचे बूट काढून घेतले, खिळे ठोकून बसवले. शेवटी काकूंचा जोड उरला. त्यांचा पाय मांडीवर घेऊन उस्तादांनी बूट उतरवला. आत तीच तीन टोकं. टाचेवर तीन भोकं, त्यातलं एक ताजं.

"सात वर्षं सोसलंस?" उस्तादांनी टाचेवरचं रक्त पुसलं. "एका शब्दानं बोलली नाहीस!"

"काय बोलायचं?" काकूंना नवलच वाटलं. "मला तर कधीच चावले नाहीत हो."

उस्तादांच्या हातातला हातोडा गळून पडला. "बूट राहू दे," ते म्हणाले. "आहेस तशी दवाखान्यात चल."