पाच सेकंद

कोइमतूरच्या ऑफिसात मलरविळी दिवसभर ऑनलाइन परीक्षांचे व्हिडिओ तपासायची. चेहरे पुसट केलेले असत. मान पाच सेकंदांहून जास्त खाली गेली, की 'कॉपी'चं बटण दाबायचं.

"अक्का, ही बिचारी पेंगतेय हो," एकदा ती म्हणाली.

"पेंगतेय की चिठ्ठी वाचतेय, ते ठरवायचा पगार आपल्याला नाही, कण्णू," शेजारच्या टेबलावरची सेल्वी अक्का लाडाने म्हणाली. "दीडशे उरलेत, आटप."

रविवारी मलरविळीने स्वतःच्या ऑनलाइन पदवीचा शेवटचा पेपर घरून कसाबसा दिला, झोपेने मिटणारे डोळे ताणून ताणून.

सोमवारी विसाव्या व्हिडिओत एका मुलीची मान कलली. मलरविळीने जांभई देत, सवयीने बटण दाबलं.

 

मग त्या मुलीमागचं कॅलेंडर दिसलं. तिच्या आईने रोज कुंकू लावून लावून लाल केलेला, मलरविळीच्याच घरातला मुरुगन देव.