न बेतलेलं झबलं

दोनदा रक्त तपासून झालं, मग सुई घालून पोटातलं, बाळाभोवतीचं पाणीही घेतलं. तरी डॉक्टरबाई फोनवर काही सांगेनात. "समक्ष या," एवढंच म्हणाल्या, तेव्हा टेलरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

पाचवा महिना सरत आला होता. झबल्यासाठी आणलेलं पिवळं कापड घडीही न मोडता कपाटात पडून होतं. रिपोर्ट चांगला आल्याशिवाय कात्री लावायची नाही, पोटाशी बोलायचंसुद्धा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. उगाच जीव लावायचा, आणि मग? त्या 'मग'ला त्या फार भीत होत्या.

सोबतीला नणंद दुकानात आली.

"वहिनी, पोट एवढं आणि हात बघ तुझे, नुसत्या काड्या!"

"मापच घेतलं मी. दंडाला दीड इंच कमी भरलं."

"म्हणजे सगळं बाळच हाणतंय. आत्यावर गेलंय!"

टेलरबाई हसल्या. रात्री घामानं उशी भिजते, हेही त्यांनी सांगितलं. नणंद म्हणाली, पोटुशी असताना असं चालायचंच.

निघायच्या घाईत गळ्यातला टेप तसाच राहिला. तो कायमच तिथे असे. पंधरा वर्षं घासून घासून यंदा मानेशी सुपारीएवढी गाठ आली होती. "हेच माझं सर्टिफिकेट," असं त्या गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत.

डॉक्टरबाईंनी नणंदेला बाहेरच बसायला सांगितलं.

"आईच्या रक्तात बाळाचेही अंश उतरतात, म्हणून आपण तुमचं रक्त तपासलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा त्यात बिघाड दिसला. खात्री करायला पोटातलं पाणी घेतलं."

"काय असेल ते एकदाचं सांगून टाका हो."

"पाण्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे. बाळ अगदी ठणठणीत आहे."

टेलरबाईंना रडूच कोसळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी दोन्ही हात पोटावर ठेवले.

"ऐकलंस का रे बाळा? घरी गेल्या गेल्या बेतते तुझं झबलं."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी दार लावलं आणि खुर्ची टेलरबाईंच्या अगदी जवळ ओढली.

"रक्तात दिसलेला बिघाड बाळाचा नव्हता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गळ्यातला टेप जरा काढता?"