बिनमालकाचं घर

धाकटीनं घरातली हुकूमशाही उलथून टाकली, तीही मोबाइलवर. आता नियम ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणीच मालक नसलेल्या डिजिटल वहीत, चौघांना एकेक मत, आणि चौघांनी ‘हो’ म्हटलं तरच ठराव पास. ब्रह्मदेव आला तरी यात बदल होणार नाही, हे तिनं सोफ्यावर उभं राहून जाहीर केलं.

“आणि काही अडलं तर दाद कुणाकडे मागायची?” बाबांनी विचारलं.

“कुणाकडेच नाही! तीच तर गंमत आहे, बाबा.”

पहिलाच ठराव तिच्या शाळेच्या सहलीचा. आईबाबांनी ‘हो’ दाबलं, चक्क दादानंही दाबलं. राहिलं फक्त तिचं मत. त्याचा लांबलचक पासवर्ड तिनं मोठ्या हुशारीनं तळहातावर लिहून ठेवला होता आणि जेवणाआधी साबणानं खसाखसा धुऊन टाकला होता.

“बाईसाहेब मताला हात धुऊन बसल्या!” दादा खो खो हसत सुटला.

“नवा पासवर्ड माग की,” बाबा म्हणाले.

“द्यायला कुणी असायला नको का तिथं!” ती रडकुंडीला आली. सहलीची नावं उद्याच द्यायची होती. ती धावत जाऊन आईला बिलगली. “आई, तू सांग ना! तू म्हणालीस की झालं.”

“मी काय सांगणार, बाई?” आई म्हणाली. “माझं आता एकच मत. ते मी देऊन टाकलंय.”